घरून कामाची बोलणी सहीच्या आधी

पगारासाठी नेटाने घासाघीस करणारे उमेदवार घरून कामाचा विषय मात्र ‘रुजू झाल्यावर साहेबांशी बोलू’ म्हणून सोडून देतात. निवड झाल्यापासून सही होईपर्यंतच्या थोड्या दिवसांत उमेदवाराच्या शब्दाला जे वजन असते, ते पुढे राहत नाही; मग उरते ती विनंती. तोंडी आश्वासनावर विसंबण्यात अर्थ नाही. शब्द देणारा मॅनेजर बदलतो, धोरणही बदलते: टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून, तर अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाच दिवस ऑफिसात बोलावले. म्हणून घरून किती दिवस, कोणत्या शहरातून आणि बदल झाल्यास किती आधी कळवणार, हे ऑफर लेटरमध्येच यावे.

असे मागितले तर कामचुकार ठरू, ही भीती अगदीच खोटी नाही. पण ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग ‘नेचर’मध्ये २०२४ साली छापून आला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी घसरली नाही आणि नोकरी सोडणारे सुमारे एक तृतीयांशाने घटले. तेव्हा मागणी ‘मला सोयीचे’ अशी न मांडता कंपनीच्या फायद्याच्या भाषेत मांडावी. कामाचे ठिकाण बदलण्याचा हक्क कंपन्या बहुधा राखून ठेवतातच, मग लिहून काय उपयोग, असेही कोणी विचारील. अट लेखी असेल तर ती मोडताना कंपनीला निदान पुन्हा बोलणी करावी लागतात. नवख्यांनी मात्र फार ताणू नये. त्यांच्या हाती वजन कमी, आणि शेजारच्या टेबलावरून शिकण्यासारखे बरेच असते.