दास्याची चित्रं (लेखांक ६) : मलिक अंबरवर सोडलेला बाण

गेल्या आठवड्यात आपण ‘ब्रूक्स’ या गुलामवाहू जहाजाचा १७८८ सालचा छापील आराखडा पाहिला. माणसं एकाला एक खेटून ओळीनं आखलेली, आणि चेहरा म्हणावा असा एकालाही नाही. तो पाहून प्रश्न पडतोच : हे झालं इंग्लंड-अमेरिकेचं, आपल्या मुलखात असं काही होतं का? होतं. शतकानुशतकं होतं, आणि त्याची चित्रंही शिल्लक आहेत. म्हणून आज दख्खन सोडून कुठं जायचं नाही.

आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात चेस्टर बीटी नावाचं ग्रंथालय आहे. तिथं जहांगीर बादशहाचा लाडका चित्रकार अबुल हसन यानं १६१६च्या सुमारास काढलेलं एक चित्र आहे. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. तो गोल बैलाच्या पाठीवर आणि बैल माशाच्या पाठीवर. बादशहानं धनुष्य ताणलंय. समोर भाला रोवलेला, आणि भाल्याच्या टोकावर एका काळ्या माणसाचं तोडलेलं मुंडकं. एक बाण त्याच्या तोंडातून आरपार गेलाय. मुंडक्यावर घुबड बसलंय. भोवती बारीक अक्षरांत फारसी मजकूर आहे, बादशहाची थोरवी सांगणारा आणि या माणसाला अंधाराशी जोडणारा.

ते मुंडकं अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता मलिक अंबर याचं आहे. आणि चित्रात जे घडतंय ते कधीच घडलं नाही.

अंबर मुघलांच्या हाती लागला नाही. जहांगीरची आणि त्याची कधी समोरासमोर गाठही पडली नाही. १६१६च्या आरंभी जालन्याजवळ रोशनगावला मुघल सरदार शाहनवाज खानानं त्याचा पराभव केला आणि पाठोपाठ त्याची राजधानी खडकी जाळून उद्ध्वस्त केली, एवढं खरं. पण अंबर निसटला, फौज पुन्हा उभी केली आणि पुढची दहा वर्षं मुघलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिलं नाही. आठ वर्षांनी, १६२४ साली, अहमदनगरजवळ भातवडीला त्यानं मुघल आणि आदिलशाही यांच्या एकवटलेल्या फौजेची दाणादाण उडवली. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथंच पडले. १६२६ साली अंबर वारला तो ऐंशीच्या घरात, म्हातारपणानं. जे रणांगणावर साधलं नाही ते बादशहानं कागदावर करवून घेतलं.

कारागिरी म्हणून हे चित्र अप्रतिम आहे, यात वाद नाही. मला मात्र ते पाहताना चित्रकारापेक्षा चित्र काढवून घेणाऱ्याची घालमेल आधी जाणवते. जहांगीरच्या आठवणींत अंबरचं नाव शिवीशिवाय क्वचित येतं, आणि त्या शिव्यांचा रोख फिरून फिरून त्याच्या काळेपणावर आणि काळ्या नशिबावर येतो. शत्रू तर अनेक होते. हा एक शत्रू बाजारात विकला गेलेला हबशी होता आणि तरी आवरत नव्हता, हे शल्य त्या चित्रात आहे.

अंबर इथिओपियातला. जन्म १५४८च्या सुमाराचा, घरचं नाव चापू. पीटर व्हान डेन ब्रूके नावाचा डच व्यापारी १६१७ साली त्याला प्रत्यक्ष भेटला होता. लाल समुद्रावरच्या मोखा बंदरात अंबर वीस डुकाटांना विकला गेला होता, असं त्यानं नोंदवून ठेवलंय. पुढं बगदादला मीर कासिम नावाच्या मालकानं त्याला लिहायला-वाचायला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. शेवटी तो दख्खनला आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानं सुमारे हजार हबशी विकत घेतले होते, त्यांतला हा एक. चंगीझखान स्वतःही एके काळी विकत आणलेला हबशीच. तो मेल्यावर त्याच्या विधवेनं अंबरला मोकळं केलं. मग बरीच वर्षं या ना त्या दरबारी शिलेदारी, हाताखाली दीडएकशे स्वार. १६०० साली अहमदनगरचा किल्ला पडला. निजामशाही बुडाली असं सगळे धरून चालले असताना यानं परांड्याला दुसरा मुर्तझा निजामशहा गादीवर बसवला आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला.

आता दुसरं चित्र. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात हाशिम या चित्रकारानं १६२०च्या आसपास काढलेली अंबरची तसबीर आहे. हाशिमही मुघल दरबारचाच, म्हणजे हे चित्रही शत्रूच्याच घरचं. पण इथं घुबड नाही, भाला नाही. एक थोराड, वयस्क माणूस एकटा उभा आहे. चेहरा एका बाजूनं दाखवलेला, अंगात पांढरा झिरझिरीत जामा, हातात लांब सरळ तलवार. मागं मोकळी पार्श्वभूमी. काळा रंग हिणवण्यासाठी वापरलेला नाही, तो फक्त त्या माणसाचा रंग आहे. नजर शांत, अधिकाराची. एकाच दरबारानं एकाच माणसाची चार-पाच वर्षांच्या अंतरानं काढलेली ही दोन रूपं शेजारी ठेवून पाहावीत. पहिलं बादशहाला काय हवं होतं ते सांगतं, दुसरं त्याच्या माणसांना काय ठाऊक होतं ते. अंबर गेल्यावर जहांगीरच्याच दरबारच्या मुतमद खान या इतिहासकारानं त्याची मोकळ्या मनानं स्तुती लिहिली आहे. इकडं परमानंदाच्या ‘शिवभारता’तही अंबरचं नाव आदरानं येतं.

हाशिमच्या चित्रात गुलामी शोधायला गेलात तर सापडत नाही. बेडी नाही, डाग नाही, गळ्यात रोमन गुलामाचा असायचा तसला पट्टा नाही. याचं कारण दख्खनच्या रीतीत आहे. इथल्या सुलतानांना शेतात राबायला हबशी नको होते, लढायला हवे होते. ज्याला इथं भाऊबंद नाहीत, वतन नाही, जात नाही, असा परका तरुण धन्याशिवाय कुणाचाच नसतो. त्याच्यावर भरवसा टाकता येतो. धनी मेला की तो बहुधा मोकळा व्हायचा, आणि तोवर हाती तलवार आलेली असायची. विजापूरचा इखलास खान असाच वर चढला. १६४५च्या सुमाराला हैदर अली आणि इब्राहिम खान या दोघांनी मिळून काढलेल्या चित्रात मुहंमद आदिलशहा हत्तीवर बसलाय आणि त्याच्या मागं, त्याच हत्तीवर, तसाच जरीचा पोशाख केलेला इखलास खान आहे. जंजिऱ्याचे सिद्दी तर शेवटी स्वतःच नवाब झाले. होडीनं किल्ल्यात शिरताना दरवाज्यापाशी पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेला शार्दूल कोरलेला दिसतो. तो तिथं आलेल्या प्रत्येकानं पाहिलेला असतो. ती ज्यांची मिरवण होती त्यांचे पूर्वज कुठून आणि कसे आले, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

एवढं वाचून झालं की एक वाक्य हमखास कानावर येतं : आपल्याकडची गुलामी सौम्य होती, गुलाम पेशवा व्हायचा. हे मला अजिबात मान्य नाही. हजार हबशी विकत घेतले, त्यांतल्या एकाची तसबीर लंडनला आहे. उरलेले नऊशे नव्व्याण्णव कुठं आहेत?

त्यांच्यासारख्यांची ओझरती गाठ पडते ती गोव्यात. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ साली गोव्याला आला आणि पाचएक वर्षं तिथल्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून राहिला. त्याचं ‘इतिनेरारिओ’ हे पुस्तक १५९६ साली आम्स्टरडॅमला छापलं गेलं. त्यातली चित्रं त्याच्या रेखाटनांवरून व्हान डॉयटेकुम बंधूंनी तांब्याच्या पत्र्यावर कोरली. त्यांत गोव्याचा भर बाजार आहे, सकाळी लिलाव चालायचा तो रस्ता. लिन्सखोटेननं लिहून ठेवलंय की रविवार आणि सणवार सोडून रोज सकाळी सात ते नऊ तिथं बाजार भरे, आणि इतर मालाबरोबर गुलाम पुरुष, बायका, म्हातारे, पोरं जनावरांसारखी विकली जात. दुसऱ्या एका चित्रात पोर्तुगीज साहेब घोड्यावर चाललाय आणि गुलाम त्याच्यावर छत्री धरून पायी चाललाय. साहेबाच्या डगल्याची शिवण, टोपीचा काठ, घोड्याचा साज, सगळं बारकाईनं कोरलेलं. छत्री धरणाऱ्याला एक ठरीव अंग आणि ठरीव चेहरा. कोरणाऱ्यांनी गोवा पाहिला नव्हता, हे त्याचं एक कारण. पण तेवढंच कारण नाही. त्या चित्रात तो माणूस साहेबाच्या सामानापैकी एक आहे.

त्याच्या आधीची, १५४०च्या सुमाराची एक चित्रवही रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात आहे. सत्तरहून अधिक चित्रं, हात कुणा भारतीय चित्रकाराचा, खालची टिपणं पोर्तुगीज. तीत होर्मूझ बंदरातलं एक चित्र आहे : उकाडा सहन होत नाही म्हणून पोर्तुगीज मंडळी पाण्याच्या टाक्यात टेबल मांडून जेवायला बसलीत आणि चाकर त्यांना वाढताहेत. जेवणाऱ्यांविषयी टीप आहे. वाढणाऱ्यांविषयी नाही.

लिन्सखोटेन आणखी एक गोष्ट सांगतो, जी चित्रांत फारशी पकडली गेलेली नाही. पुष्कळ गोवेकर पोर्तुगीज आपल्या गुलामांच्या कमाईवर जगत. पुरुष रस्त्यावर पाणी विकायचे, बायका मुरंबे-मिठाया आणि भरतकाम विकायच्या, आणि पैसे धन्याच्या हाती. म्हणजे ज्या शहराच्या श्रीमंतीची चित्रं युरोपभर चाळली गेली, त्यातली बरीच घरं या बायकांच्या डोक्यावरच्या पाट्यांवर चालत होती.

आणि हे फक्त फिरंग्यांचं नव्हतं. पेशवाईत कुणबिणी, म्हणजे दासी, विकत घेतल्या जात. दफ्तरात त्यांच्या नोंदी आहेत : नाव, किंमत, कुठं कामाला लावली. दळणकांडण, शेणगोठा, पागा, कोठी. जुन्या चित्रांतून चवरी ढाळणारी किंवा विडा पुढं करणारी दासी हजार वेळा भेटते, पण ती एक ठरलेली आकृती असते. अमुक गावाहून आणलेली, अमुक नावाची बाई म्हणून तिची तसबीर कुणी काढली नाही. जिचं चित्र नाही ती सुखात होती, असा अर्थ काढायला आपण फार लवकर तयार होतो. तिच्याबद्दल मिळतं ते दफ्तरातच, आणि अशा मालिकेत त्या कोरड्या नोंदी चित्रांच्या बरोबरीनं मांडल्याच पाहिजेत.

अंबरला मात्र दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांवर अवलंबून राहावं लागलं नाही. खडकी त्यानं १६१० साली वसवली, तेच पुढं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी खापरी नळांतून आणि बोगद्यांतून शहरात खेळवणारी नहर-ए-अंबरी त्याची. मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ साली उभारलेला भडकल दरवाजा त्याचा. जमिनीच्या प्रतीवर आणि पिकावर सारा ठरवणारी त्याची पद्धत मराठी कागदांत ‘मलिकंबरी’ म्हणून पुढं कित्येक पिढ्या चालू राहिली. वीस डुकाटांना विकल्या गेलेल्या पोरानं स्वतःविषयी जे सांगून ठेवलं ते दगडात, पाण्यात आणि जमाबंदीत आहे, आणि ते अबुल हसनच्या चित्रापेक्षा जास्त लोकांच्या उपयोगी पडलं.

भडकल दरवाज्याखालून आज दिवसभर रिक्षा आणि मोटारसायकली जातात. खुलदाबादला औरंगजेबाची कबर पाहायला लोक जातात. तिथून जवळच अंबरचा घुमटदार मकबरा आहे, आणि शेजारी त्याची बायको बीबी करीमा हिचा. तिकडं फारसं कुणी वळत नाही. वेरूळला जाणार असाल तर वाट वाकडी करून अर्धा तास तिथं थांबा, आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना हा माणूस कुठून आला ते सांगा.

पुढच्या आठवड्यात नाशिकला यायचं आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकली. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ साली डेव्हिड लिव्हिंगस्टनचं शव घेऊन इंग्लंडला पोचला. शवपेटीशेजारी त्याचं छायाचित्र घेतलेलं आहे. पुढचा लेख त्या छायाचित्रावर.