पाण्याचं निमित्त पुरे झालं

"पाणी जाऊ नये म्हणूनच तर बॅटरी आत चिकटवतात हो!" मोबाइलच्या दुकानात, लोकलमध्ये, अगदी इंजिनिअर मंडळींच्या तोंडूनही हे ऐकून कान किटले आहेत. हे खरं नाही.

२०१४ चा सॅमसंग गॅलेक्सी एस ५ आठवा. कडेच्या खाचेत नख घालून मागचं झाकण उचललं, की आतून बॅटरीभोवती फिरलेली रबराची बारीक पट्टी दिसे, कुकरच्या झाकणातल्या रिंगसारखी. बॅटरी सुटी, तरीही फोनला आयपी ६७ मानांकन होतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पुढच्याच वर्षी एस ६ आला. त्याची बॅटरी आत बंद केलेली, आणि पाण्यापासून संरक्षणाचं मानांकनच नाही! मग बॅटरी बंद केली ती पाण्यासाठी, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

जाडी मात्र खरंच कमी झाली: ८.१ मिलिमीटरवरून ६.८. सुटी बॅटरी लोक खिशात टाकतात, हातातून पाडतात, म्हणून तिला कडक कवच लागतं. शिवाय तिच्यासाठी वेगळा खण आणि उघडणारं झाकण हवं. आत चिकटवलेली बॅटरी मऊ पाकिटासारखी असते, तिची ही सगळी जागा वाचते. हा फायदा मान्यच करायला हवा. पण एस ६ मध्ये ती जागा बॅटरीच्या वाट्याला आली नाही. क्षमता २८०० वरून २५५० एमएएचवर उतरली.

रबराची पट्टीही अमर नाही. वाळूचा एक कण अडकला तरी पाणी शिरू शकतं. पण गोंदाचंही तेच आहे. बॅटरी बदलायला फोन तापवून उघडला, की कारखान्यातलं सील गेलं.

 

सुट्या बॅटरीबद्दल आणखी एक समज ऐकू येतो: "युरोपच्या कायद्याने नखाने उघडणारे फोन परत येणार." तसंही नाही. २०२३/१५४२ हा नियम १८ फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला बाजारात मिळणाऱ्या अवजारांनी, उष्णता किंवा रसायन न वापरता बॅटरी काढता यावी असं सांगतो. स्क्रू असले तरी चालतील. हजार चार्जनंतरही ८० टक्के क्षमता टिकवणाऱ्या, पाण्यात तगणाऱ्या फोनना तर युरोपच्या नियमांत सवलतही आहे.

तुमच्या फोनची बॅटरी बदललीत, तर सीलची नवी पट्टी लावली का, हे दुकानदाराला जरूर विचारा. लावली नसेल, तर तो फोन पावसात बाहेर काढू नका.