टपाला भोक पाडायचं का?

रेणापुरात एका घरासमोर बोलेरो उभी होती आणि तिच्या टपाकडे बघत आम्ही तिघं गप्प उभे होतो. एक गाडीचा मालक, हातात ड्रिल घेतलेला. दुसरे त्याचे वडील. तिसरा मी, ज्याच्या सांगण्यावरून ते ड्रिल बाहेर आलं होतं.

"चांगल्या गाडीच्या टपाला भोक पाडता व्हय? पाऊस आला की सीटवर टिपकंल," वडील म्हणाले.

पोरानं नुकताच हॅम रेडिओचा परवाना काढला होता. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा दिली, व्हीयू३ पासून सुरू होणारं स्वतःचं कॉलसाइन मिळालं. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ही परीक्षा देता येते. मग त्यानं पन्नास वॉटचा रिग, म्हणजे रेडिओचा संच घेतला, हौसेनं डॅशबोर्डखाली बसवला, अँटेना कॅरिअरच्या नळीला क्लॅम्प केली आणि लातूरच्या एका हॅमला हाक मारली. लातूर इथून वीसेक किलोमीटर. पलीकडून फक्त खरखर. रिग बिघडलाय, बदलून आणतो, म्हणत तो माझ्याकडे आला.

रिग ठणठणीत होता. अशा गाड्यांमध्ये पैसा बहुतेक वेळा रिगवर जातो आणि घोळ टपावर असतो.

हा रिग दोन मीटर बँडचा, म्हणजे आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. तरंगाची लांबी साधारण दोन मीटर, म्हणून पाव तरंगाची अँटेना भरते जेमतेम अर्ध्या मीटरची. पण ती उभी काडी म्हणजे निम्मीच अँटेना. उरलेली निम्मी तिच्या खालचा पत्रा. टपाच्या मधोमध काडी लावली की चहूबाजूंनी पत्रा मिळतो आणि लहरी सगळीकडे सारख्या जातात. कॅरिअरच्या कडेला लावली तर एका बाजूला नुसती हवा, दुसऱ्या बाजूला कॅरिअरचे गज. त्यात कॅरिअर बहुधा रंगावर आणि रबरी पट्टीवर बसवलेलं असतं, म्हणजे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध नावापुरताच.

एसडब्ल्यूआर मीटर लावलं तर काटा तीनवर. तीन म्हणजे पाठवलेल्या शक्तीतली पाव परत येते. रिग स्वतःला जपण्यासाठी शक्ती आणखी खाली आणतो ते वेगळंच. दीडच्या आत असेल तर जेमतेम चार टक्के परत येते, तिकडे लक्ष दिलं नाही तरी चालतं. शिवाय पोरानं पाच मीटर बारीक को-ॲक्स केबल वापरली होती. तिच्यातच पाचवा हिस्सा जिरतो, आणि तिचं उरलेलं वेटोळं सीटखाली पडलं होतं.

ज्यांच्याकडे कापडी टपाची किंवा फायबरच्या हार्डटॉपची थार आहे त्यांची अडचण आणखी वेगळी. त्या टपात लोखंडच नाही. चुंबकाची अँटेना तिथं चिकटतच नाही, आणि चिकटवली कशीबशी तरी खाली पत्रा नाही. तिथं बोनेटच्या कडेला ब्रॅकेट लावायचं, त्याच्या स्क्रूखालचा रंग खरवडायचा, आणि बोनेटपासून बॉडीपर्यंत तांब्याची वेणी ओढायची. नाहीतर अर्ध्या तरंगाची अँटेना घ्यायची, तिला खालच्या पत्र्याची फारशी गरज लागत नाही.

टपावरच का, याचं दुसरं कारण उंची. या लहरी जवळपास सरळ जातात. दोन गाड्यांवर दोन-दोन मीटर उंचीच्या अँटेना असतील तर सपाट रानात गणितानं साडेअकरा किलोमीटर. लातुरात एखाद्याची अँटेना गच्चीवर पंधरा मीटरवर असेल तर बाविसेक. म्हणजे रेणापूर-लातूर हा मामला काठावरचा. काठावरच्या मामल्यात कॅरिअरवरची वाकडी अँटेना हरते, टपाच्या मधली जिंकते. आंबेजोगाईकडे बालाघाटाच्या एखाद्या चढावर गाडी नेली की हेच अंतर दुपटीच्या वर जातं, त्यासाठी नवा रिग लागत नाही.

आता किल्लारी. मराठवाड्यात हॅमचं नाव निघालं की ती निघतेच. ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसं नुकती झोपली होती. भारतात मोबाइल यायला अजून दोन वर्षं होती. बाहेरून आलेल्या हॅम मंडळींनी त्या भागातून मदतीचे निरोप पोहोचवले. रेणापूरपासून किल्लारी साठेक किलोमीटर, म्हणजे टपावरची अर्ध्या मीटरची काडी तिथं पोहोचतच नाही. तिथं चाळीस मीटर बँड लागतो, सात मेगाहर्ट्झच्या आसपास. या लहरी आभाळाकडे फेकल्या की आयनोस्फिअरवरून परतून तीनचारशे किलोमीटरच्या टापूत सगळीकडे पावसासारख्या पडतात. दिवसा रेणापुरातून मुंबई गाठायची तर हाच मार्ग.

पण या बँडची पाव तरंगाची काडी होते दहा मीटरची. गाडीवर ती मावत नाही, म्हणून अडीच मीटरच्या काडीला मध्ये कॉइल घालून फसवावं लागतं. फसवणुकीची किंमत मोठी. शंभर वॉट घातले तर हवेत मोजके वॉट जातात. माझं मत विचाराल तर आपत्तीच्या कामात गाडी चालता-चालता या बँडवर बोलायचा हट्ट सोडावा. डिक्कीत वीस मीटर तार ठेवावी, गाडी उभी करावी, दोन कडुनिंबांत तीन-चार मीटर उंचीवर ती ताणावी. मात्र आधी वर बघायचं. शेतातल्या मोटारीची सर्व्हिस वायर कुठं लोंबकळत असेल सांगता येत नाही, आणि अकरा केव्हीच्या लाइनखाली तार फेकणं म्हणजे शेवटचं बोलणं.

वायरिंगबद्दल मात्र माझ्या स्वतःच्या चुकीवरून सांगतो. पहिल्या जीपमध्ये मी सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून रिगला करंट दिला. ऐकताना सगळं झकास. बोलायचं बटण दाबलं की स्क्रीन विझायची. पन्नास वॉटचा रिग दहा-बारा अँपिअर ओढतो. सॉकेटच्या बारीक वायरीत व्होल्टेज बसतं, फ्यूज तापतो. जाड वायर थेट बॅटरीपासून आणायची आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावायचा. फ्यूज रिगजवळ लावला तर मधली वायर फायरवॉलच्या धारेवर घासून पत्र्याला टेकेल तेव्हा तो काही कामाचा नाही. म्हणून भोकात रबरी ग्रोमेट हवंच. नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथं रिगची काळी वायर टर्मिनलला न जोडता शेजारी बॉडी अर्थला द्यावी. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसल्यानं त्याची टकटक ऐकू येत नाही, अल्टरनेटरची शिट्टी मात्र येते, इंजिनाबरोबर चढणारी. ती बहुधा चांगल्या अर्थनंच जाते.

रिगचा तोंडवळा सुटा होणारा घेतला तर सोयीचं. डोकं डॅशबोर्डवर, धड सीटखाली. फक्त एअरबॅगच्या वाटेत काही नको, आणि सीटखाली सोयाबीनच्या मळणीची धूळ बसणार नाही एवढं बघायचं. पंख्यात तो भुसा अडकला की उन्हाळ्यात रिग तापून गप्प होतो.

त्या दिवशी ड्रिल चाललं नाही. वडिलांसमोर माझं काही चाललं नाही म्हणा. कॅरिअर सोडवून चुंबकाची अँटेना टपाच्या मधोमध ठेवली, केबल कापून नेमक्या लांबीची केली. चुंबक रंगावरूनही चालतो, पत्रा खरवडावा लागत नाही. काटा सव्वावर आला. लातूरनं पहिल्याच हाकेला उत्तर दिलं.

"मग ते ड्रिल कशाला आणलं होतं?" वडिलांनी विचारलं.

दीड महिन्यानं पोराचा फोन आला. शेताच्या रस्त्यावर वेड्या बाभळीनं अँटेना ओढून पाडली, ती केबलवर लोंबकळत टपावर आपटत आली. चुंबकाखाली धूळ जाऊन रंग गेला होता. दारातून आलेली केबल रबरात चेपली होती आणि पाणी तिथूनच आत येत होतं, ड्रायव्हरच्या सीटवर.

"आबांनीच ड्रिल काढलंय," पोरगं म्हणालं. "किती मिलिमीटरचं भोक ते सांगा."

एकोणीस. आतलं छताचं कापड आधी उतरव, पत्र्याचा कीस एकही राहू देऊ नको, तोच गंजतो. कडेला रंग लाव, आणि रबरी रिंग विसरू नको.