अरबी समुद्राचे बदलते कुरण

जानेवारी सरत आला की उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांत उत्तर अरबी समुद्र हिरवा दिसू लागतो. ओमानच्या किनाऱ्यापासून थेट पूर्वेकडे पसरत जाणाऱ्या हिरव्या भोवऱ्यांची ती नक्षी मार्चपर्यंत टिकते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीही हा समुद्र हिवाळ्यात असाच हिरवा होत असे. तेव्हा त्या रंगामागे असणारे जीव मात्र आज पूर्वीच्या प्रमाणात तेथे राहिलेले नाहीत. त्यांची जागा मोठ्या अंशी दुसऱ्याच एका जीवाने घेतली आहे.

समुद्राच्या वरच्या, सूर्यप्रकाश पोहोचणाऱ्या थरात तरंगणाऱ्या सूक्ष्म हरितजीवांना वनस्पती प्लवक म्हणतात. पृथ्वीवर होणाऱ्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मे काम हे प्लवक करतात. जमिनीवरचे गवत वा झाड जे करते तेच काम, परंतु येथे एका पिढीचे आयुष्य अवघ्या काही दिवसांचे. त्यामुळे समुद्राचे तापमान, क्षार अथवा प्राणवायू बदलला की त्याची पहिली चाहूल या कुरणात लागते. कुरणात गवत किती, एवढाच प्रश्न असता तर हिशेब सोपा होता. गवत कोणत्या जातीचे आणि ते कोण खाऊ शकतो, हा प्रश्न अधिक अवघड आणि अधिक महत्त्वाचा आहे.

अरबी समुद्रातील हिवाळी बहराचे पूर्वापार नायक होते डायाटम. सिलिकाच्या, म्हणजे जवळजवळ काचेच्या, पारदर्शक डबीत राहणारा हा एकपेशीय जीव. हिवाळ्यात हिमालयाकडून येणारे थंड, कोरडे ईशान्य वारे उत्तरेकडील पाण्याचा पृष्ठभाग थंड करतात व बाष्पीभवनही वाढवतात. थंड आणि अधिक खारे झालेले पाणी जड होऊन खाली बुडते आणि या घुसळणीत खालचे नायट्रेटसारखे पोषक क्षार वर येतात. त्यावर डायाटम वाढतात, डायाटमांवर कोपेपोडसारखे सूक्ष्म प्राणिप्लवक आणि त्यांच्यावर मासे. तारलीसारखा मासा तर पाणी गाळून डायाटम थेट खातो. मलबार किनाऱ्यावर फ्रॅजिलारिया ओशनिका या डायाटमची रेलचेल झाली की तारलीही विपुल येते, असे निरीक्षण भारतीय शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकातच नोंदवले होते.

या शतकाच्या आरंभापासून हे चित्र पालटू लागले. हिवाळी बहरात नॉक्टिल्युका सिंटिलान्स हा जीव दिसू लागला आणि पाहता पाहता त्याचेच राज्य झाले. हा जीव मुळात अनोळखी नाही. रात्री लाटा फुटताना किनाऱ्यावर जी निळसर चमक दिसते, ती पुष्कळदा त्याचीच असते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत त्याचे बहर फार पूर्वीपासून नोंदलेले आहेत. नवे आहे ते खोल समुद्रातील त्याचे विशाल आणि वर्षागणिक परतणारे साम्राज्य.

नॉक्टिल्युकाला वनस्पती म्हणावे की प्राणी, असा प्रश्न पडावा अशी त्याची घडण आहे. एकाच पेशीचा असूनही तो एक मिलिमीटरच्या आसपास वाढतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांनाही टिपक्यासारखा दिसतो. तो इतर प्लवकांना, डायाटमांनासुद्धा, गिळतो. त्याच्या हिरव्या प्रकारात पेडिनोमोनास नावाचे असंख्य हरितजीव पोटात भाड्याने राहतात आणि भाडे म्हणून प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेले अन्न देतात. शिकारही आणि शेतीही, असा दुहेरी संसार असल्यामुळे खालून क्षार येवोत न येवोत, त्याचे फारसे अडत नाही.

आणि हीच मेख आहे. कोपेपोड डायाटम सहज खातात, पण नॉक्टिल्युकाचा घास त्यांच्यासाठी फार मोठा आहे. त्याला खाणारे म्हणजे साल्पसारखे पारदर्शक, लिबलिबीत जीव आणि जेलीफिश. त्यांना खाणारे मासे मोजकेच, त्यामुळे अन्नसाखळीचा हा फाटा माणसाच्या ताटापर्यंत क्वचितच पोहोचतो. समुद्र हिरवागार असूनही माशांच्या दृष्टीने तो ओसाड असू शकतो.

हा पालट का झाला, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. २००९ ते २०११ या काळात ‘सागर संपदा’ या भारतीय संशोधन नौकेवरून झालेल्या हिवाळी मोहिमांच्या आधारे हेल्गा डो रोझारियो गोम्स, जोआकिम गोएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रबंध प्रसिद्ध केला. अरबी समुद्राच्या मधल्या थरांत, सुमारे दीडशे ते हजार मीटर खोलीवर, प्राणवायू अत्यंत कमी असतो. हे पाणी वर सरकत असून कमी प्राणवायूत डायाटम मंदावतात व नॉक्टिल्युकातील हरितजीव उलट जोमाने काम करतात, असे त्यांचे म्हणणे. २०१८ मध्ये दुसऱ्या भारतीय शास्त्रज्ञांनी हे निदान खोडून काढले. त्यांनी अभ्यासलेल्या बहरांच्या जागी प्राणवायूची टंचाई आढळलीच नव्हती. २०२०च्या अभ्यासात गोएस आणि सहकाऱ्यांनी बोट ठेवले ते हिमालय व तिबेटच्या पठारावरील घटत्या बर्फावर. बर्फ कमी, म्हणून जमीन उबदार. तिच्यावरून येणारे वारे कमी थंड आणि अधिक दमट. म्हणून समुद्राची घुसळण क्षीण आणि डायाटम उपाशी. ही कारणे परस्परविरोधी असतीलच असे नाही. घुसळण मंदावली की क्षारांचा पुरवठा आणि प्राणवायूचे गणित दोन्ही बिघडू शकते.

वाद केवळ जातींचा नाही, प्रमाणाचाही आहे. २००५ मध्ये गोएस व सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या सात वर्षांच्या नोंदींवरून पश्चिम अरबी समुद्रात उन्हाळी प्लवक वेगाने वाढत असल्याचे म्हटले होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या चमूने २०१६ मध्ये जवळजवळ उलट निष्कर्ष काढला: सहा दशकांत पश्चिम हिंदी महासागरातील प्लवकांत २० टक्क्यांपर्यंत घट, कारण तापलेला पृष्ठभाग खालच्या पाण्याशी मिसळत नाही. सात वर्षांची खिडकी आणि साठ वर्षांची खिडकी यांतून दिसणारे दृश्य वेगळे असते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. शिवाय उपग्रह मोजतो तो पाण्याचा रंग. त्यावरून हरितद्रव्याचे प्रमाण कळते. ते डायाटमचे की नॉक्टिल्युकाचे, हे ओळखणे बरेच जिकिरीचे असते.

उत्तर अटलांटिकच्या अभ्यासकांचे या बाबतीत भाग्य थोर. ॲलिस्टर हार्डी यांनी घडवलेले प्लवक-नोंदणी यंत्र तेथे १९३१ पासून व्यापारी जहाजांच्या मागे ओढले जात आहे. रेशमी पट्टीवर गोळा होणारे प्लवक दशकानुदशके मोजले गेल्यामुळे १९८०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर समुद्रात झालेली मोठी उलथापालथ त्यांना नेमकी दाखवता आली. अरबी समुद्राची स्मृती तुटक आहे: १९६०च्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम, १९९०च्या दशकातील काही सफरी, त्यानंतर उपग्रह.

या तुटक स्मृतीतील एक सलग धागा गोव्यात आहे. त्या आंतरराष्ट्रीय मोहिमेतूनच १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली आणि दोनापावल हे तिचे मुख्यालय झाले. संस्थेने १९९७ मध्ये कांदोळीसमोरच्या समुद्रात ठरावीक ठिकाणी पुनःपुन्हा जाऊन निरीक्षणे घेण्यास प्रारंभ केला. पावसाळ्यात खोलवरचे थंड, क्षारयुक्त पण प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे वर चढते. त्यावर पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसतो. वर प्लवकांचा बहर, तो मरून खाली कुजतो आणि उरलासुरला प्राणवायूही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी हायड्रोजन सल्फाइड तयार होण्याइतकी वेळ येते. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपून ट्रॉलर बाहेर पडतात, ते नेमके याच सुमारास. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ही प्राणवायूहीनता तीव्र होत असल्याचे जगासमोर मांडले, त्यात या किनाऱ्याच्या नोंदींचा आधार होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रक्षेपित झालेल्या ओशनसॅट-३ उपग्रहावरील वर्णमापक आधीच्या आठऐवजी १३ रंगपट्ट्यांत समुद्र पाहतो. त्यामुळे हिरव्यातील छटा वेगळ्या काढणे काहीसे सोपे होईल. त्या छटांची शहानिशा मात्र अजूनही जुन्याच रीतीने होते. नौकेवरून ठरलेल्या खोलीवरचे पाणी बाटलीत घ्यायचे, त्यात आयोडिनच्या द्रावणाचे थेंब टाकून जीव तळाशी बसू द्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी ओळखून मोजायची.