पटाची जोडी की मालवाहू गाडी?

धानाची कापणी आणि मळणी उरकली, की भंडारा जिल्ह्यात शंकरपटाचे वारे वाहू लागतात. हलक्या छकड्याला जुंपलेली बैलजोडी, तिला हाकणारा धुरकरी, पट पाहण्यास लोटलेला जनसमुदाय आणि रात्री रंगणारे झाडीपट्टीचे नाटक, हे येथील हिवाळ्याचे जुने रूप आहे. अवघ्या काही सेकंदांत पट मारणाऱ्या जोडीच्या मालकाचे नाव पंचक्रोशीत होते. शहरातील धनिकाला स्पोर्ट्‌स कार जी प्रतिष्ठा मिळवून देते, तीच येथे पटाची जोडी देते. दोहोंचे अर्थशास्त्रही सारखेच: वेग पुष्कळ, ओझ्याचे काम नाममात्र आणि खर्च मात्र बारमाही.

म्हणूनच अशा जोडीच्या घरात एक प्रश्न उभा राहतो. जोडी विकून एखादी जुनी पिकअप गाडी घ्यावी काय? वडिलांचा जीव जोडीत गुंतलेला असतो; शिकूनही नोकरी न लागलेल्या मुलाला गाडीत रोजगार दिसतो. यांपैकी कोणालाही मूर्ख ठरविण्याचे कारण नाही.

मुलाची बाजू दुबळी नाही. चिखलणीचे काम आता बहुतांशी ट्रॅक्टरकडे गेले आहे, आणि पटाच्या बैलांना जड कामास कोणी लावीत नाही. ढेप, चुनी आणि मालिश मात्र चुकत नाही. उलट, धान आधारभूत खरेदी केंद्रावर पोहोचवायचे असो, वैनगंगेकाठचा भाजीपाला सुमारे ६० किलोमीटरवरील नागपूरच्या बाजारात न्यायचा असो, की तलावातील मासळी, गाडीवाचून चालत नाही.

शिवाय पटाच्या जोडीचे मोल किती परावलंबी असते, याचा धडा अलीकडेच मिळाला आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांवरील क्रौर्याच्या कारणास्तव बैलांच्या शर्यतींना मनाई केली. राज्याने २०१७ मध्ये दुरुस्ती कायदा केला खरा. तथापि न्यायालयीन अडसरामुळे शर्यतींना वाट मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशाने. पुढे १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने हा कायदा वैध ठरविला. मधल्या साडेसात वर्षांत ज्या जोडीची किंमत केवळ तिच्या वेगात होती, तिला कायदेशीर मैदानच उरले नव्हते. आजही जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून पट भरविता येत नाही. ज्या मालमत्तेची किंमत दुसऱ्याच्या परवानगीवर ठरते, तिच्यावर संसाराचा भार टाकणे शहाणपणाचे नव्हे.

परंतु म्हणून जुनी गाडी म्हणजे कल्पवृक्ष, असेही नाही. भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीचा विमा आणि योग्यता प्रमाणपत्र चुकत नाही. गाडी आठ वर्षांहून जुनी असेल, तर हे प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. टायर, दुरुस्ती आणि इंधन वेगळेच. आधीच्या मालकाचे कर्ज नोंदणी पुस्तकावर राहिले असेल, तर व्यवहार स्वस्तात पडूनही महागात जातो. धानाच्या वाहतुकीचा हंगाम थोड्या आठवड्यांचा. उरलेल्या वर्षात बांधील भाडे नसेल, तर गावात ज्याला कौतुकाने ‘छोटा हत्ती’ म्हणतात, त्याचा पांढरा हत्ती होण्यास वेळ लागत नाही.

आणि येथेच मोटार आणि बैल यांतील साम्य संपते. मोटार विकली, की कागदावर सही होऊन संबंध सुटतो. बैल हा पोळ्याला ज्याच्या शिंगांना बाशिंग बांधले, तो घरातला जीव आहे. राज्यात मार्च २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीस बंदी आहे. त्यामुळे धाव सरलेल्या बैलाला पूर्वीसारखा बाजार नाही. तो पोसला जातो, नाही तर कोठे तरी बेवारस सोडला जातो. हा खर्च जोडीच्या किमतीत कोणीच धरीत नाही.

तेव्हा निर्णय वेग विरुद्ध उपयोग असा करावयाचा नसून दोन साध्या प्रश्नांवर करावयाचा आहे. वर्षातील किती दिवस गाडीला खात्रीचे भाडे मिळेल, याचा हिशेब वहीत मांडता येत नसेल, तर जुनी गाडीही घेऊ नये. मग ती कर्जाने तर मुळीच नव्हे. आणि धाव सरल्यावर या बैलांना कोण सांभाळील, याचे उत्तर नसेल, तर जोडी बाळगण्याचा मान मिरवू नये. ती विकताना चार पैसे कमी आले तरी चालतील, पण गोठा आणि वैरण असलेल्या शेतकऱ्याच्याच हाती कासरा द्यावा.

ज्याला शेतीच्या उत्पन्नातून जोडी पोसणे झेपते, त्याने ती अवश्य पोसावी. हौस हा काही गुन्हा नव्हे. गावाच्या आनंदात तिचाही वाटा असतो. मात्र मुलाची फी थकवून किंवा सावकाराचे दार ठोठावून राखलेली प्रतिष्ठा ही पटाच्या धुळीसारखी असते. जोडी पुढे निघून जाते, टाळ्या विरतात, आणि धूळ तेवढी घरच्यांच्या डोळ्यांत जाते.