मशीन भारी, अर्थिंग कोरडं

लग्नसराई सरली की शिरूर-दौंडकडच्या एखाद्या फोटो स्टुडिओचा खण उघडून बघा. पाच-सात पोर्टेबल हार्ड डिस्क, त्यांवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर पेनानं लिहिलेलं: ‘मे, हळद + लग्न’, ‘जावळ’, ‘ड्रोन राहिलंय’. त्यातली एखादी लावली की टक्-टक् वाजते आणि कॉम्प्युटर तिला ओळखच दाखवत नाही. फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटनं घेतला तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे चार-चार तास चालले की एका लग्नाचे ३६० जीबी, आणि अशी पंधरा लग्नं म्हणजे साडेपाच टीबीच्या आसपास. फोटो आणि ड्रोन त्यात धरलेलेच नाहीत.

मग कधीतरी ठरतं, घरीच एक स्टोरेज सर्व्हर करायचा. एकच डबा, सगळ्या डिस्क त्यात, आणि घरातल्या-दुकानातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवरून तो उघडायचा. कल्पना चांगली आहे, खिशाला परवडणारीही आहे. पण बोलून दाखवली रे दाखवली की सल्ले सुरू होतात. सीसीटीव्ही बसवणारा एक सांगतो, गेमिंग पीसी जुळवणारा भाचा दुसरंच. मी असे चार-पाच डबे मित्रांसाठी जुळवले आहेत आणि दर वेळी एकच गोष्ट दिसते. पैसा जातो तो चारचौघांत सांगता येईल अशा भागावर. डेटा मात्र जातो तो ज्याकडे कुणी बघत नाही अशा ठिकाणाहून.

‘सर्व्हर म्हटल्यावर आय-सेव्हन तरी पाहिजेच’

हा पहिला आणि सगळ्यात महागडा गैरसमज. फाईल डिस्कवरून काढून वायरीवर ठेवणं एवढंच या मशीनचं काम. गिगाबिट वायरीतून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी जाऊ शकतात, प्रत्यक्षात ११०च्या आसपास. साधी आधुनिक हार्ड डिस्क एकटीच एवढा वेग देते. म्हणजे अडतं ते वायरीशी, प्रोसेसरशी नाही. २०१५ सालचा सहाव्या पिढीचा आय-फाईव्ह असलेला, एखाद्या ऑफिसनं टाकून दिलेला डेस्कटॉप हे काम झोपेत करतो. असे डेस्कटॉप पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास मिळतात. दौंडच्या शटलमधून मांडीवर घेऊन आणलेला एक माझ्या बघण्यात आहे.

मात्र जुना डेस्कटॉप घेताना प्रोसेसरचा आकडा सोडून तीन गोष्टी मोजा. साडेतीन इंची डिस्क किती बसतात, बोर्डावर साटाची तोंडं किती आहेत आणि एसएमपीएसमधून त्यांना वीज द्यायला वायरी किती निघतात. तो देखणा, बारका, आडवा ठेवायचा डेस्कटॉप इथेच फसवतो. त्यात मोठी डिस्क एक, फार तर दोन बसतात आणि त्याचा एसएमपीएस बहुधा कंपनीच्या खास मापाचा असतो, म्हणजे जळाला तर बाजारातला साधा चालत नाही. उभा टॉवर घ्यावा. जागा खातो, पण खाऊ द्या.

एक अपवाद खरा आहे. याच डब्यातून टीव्हीवर पिक्चर बघायचे असतील आणि टीव्हीला ती फाईल झेपत नसेल, तर सर्व्हरला व्हिडिओ चालता-चालता बदलून द्यावा लागतो. त्यासाठी इंटेलची सातवी पिढी किंवा पुढची बघावी, कारण दहा-बिट एचईव्हीसी व्हिडिओ उलगडणारं सर्किट तिच्यापासून चिपमध्येच आहे. नवीनच घ्यायचं असेल तर २०२३ साली आलेली एन-१०० ही सहा वॉटची चार-कोअर चिपही पुरते. ग्राफिक कार्ड कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. दिवसरात्र वीज खात बसेल.

विजेवरून आठवलं. ‘४५० वॉटचा एसएमपीएस लावला तर बिल वाढेल’ हेही ऐकू येतं. तो आकडा एसएमपीएसच्या कुवतीचा असतो. मीटर फिरतो तो मशीन प्रत्यक्षात ओढेल तेवढ्यावर. ३० वॉट ओढणारं मशीन वर्षभर अखंड चाललं तर २६३ युनिट, म्हणजे महिन्याला २२. युनिटला दहा रुपये धरले तरी सव्वादोनशेच्या आत. मात्र कुवत लागते, कारण डिस्क फिरायला लागते त्या क्षणी एकटी वीस-पंचवीस वॉट मागते, आणि चार डिस्क एकदम उठल्या तर शंभर. हलका एसएमपीएस तिथेच मान टाकतो. आणि वायरी कमी पडल्या म्हणून जुन्या चार-पिनी जोडातून साटाचा जोड काढून देणारी जी वायर मिळते, तिच्यातली प्लास्टिक ओतून बंद केलेली स्वस्त जात घेऊ नका. आत तारा एकमेकींच्या जवळ आल्या की जोड वितळतो, कधी पेटतोही.

रॅमचा मुद्दा थोडक्यात. ‘एका टीबीला एक जीबी रॅम’ आणि ‘झेडएफएस वापरायची तर ईसीसी रॅम सक्तीची’ ही दोन वाक्यं मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवरून घरात शिरली आहेत. झेडएफएस म्हणजे डिस्कवर फाईली मांडणारी एक व्यवस्था, ईसीसी म्हणजे स्वतःच्या चुका सुधारणारी रॅम. झेडएफएसच्या मूळ रचनाकारांपैकी एक, मॅथ्यू अहरेन्स यांनीच स्पष्ट केलं आहे की इतर फाईल व्यवस्थांपेक्षा या व्यवस्थेला ईसीसीची जास्त गरज आहे असं काही नाही. असली तर उत्तम, नसली तर अडत नाही. डब्यावर चढवायच्या सर्व्हर प्रणालींपैकी ट्रूनॅस ८ जीबीवर चालतं, ओपनमीडियाव्हॉल्ट त्याहून कमीवरही. दोन्ही फुकट.

‘हार्ड डिस्क सगळ्या सारख्याच, स्वस्तातली घ्या’

इथे थांबून बघायला हवं. डिस्कवर माहिती लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एकीत पट्टे शेजारी-शेजारी, सुटे. तिला सीएमआर म्हणतात. दुसरीत पट्टे कौलांसारखे एकमेकांवर अर्धवट चढवलेले, ती एसएमआर. कौलारू रीतीत तेवढ्याच जागेत जास्त माल मावतो. पण खालचं एक कौल बदलायचं तर काय करावं लागतं हे पावसाळ्याआधी घर शेकारणाऱ्याला विचारा: वरची सगळी ओळ उचलायची, बदलायचं, परत रचायची. डिस्कही तेच करते, म्हणून सलग मोठं लिखाण आलं की मध्येच रांगायला लागते.

२०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या, म्हणजे खास घरगुती सर्व्हरसाठी विकल्या जाणाऱ्या दोन ते सहा टीबीच्या काही डिस्क कौलारू निघाल्या आणि ते खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. तेव्हाच्या एका चाचणीत मेलेल्या डिस्कच्या जागी अशी डिस्क बसवल्यावर झेडएफएसला माहिती पुन्हा भरायला नऊ दिवसांहून जास्त लागले. सुट्या पट्ट्यांच्या डिस्कला एक दिवसही लागला नाही. त्या नऊ दिवसांत दुसरी डिस्क गेली तर सगळंच गेलं. बोभाटा झाल्यावर कंपनीनं सुट्या पट्ट्यांच्या डिस्कना रेड प्लस हे वेगळं नाव दिलं. सीगेटची आयर्नवूल्फ सीएमआर आहे; त्याच कंपनीच्या डेस्कटॉपसाठीच्या बॅराकुडामधल्या चार आणि आठ टीबीच्या डिस्क एसएमआर. मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या यादीत बघायला पाच मिनिटं लागतात. कौलारू डिस्क टाकाऊ नव्हे. एकदा भरून कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी ती छान आणि स्वस्त.

आपल्याकडे सगळ्यात सहज मिळते ती डीव्हीआरमधली जांभळ्या लेबलची डिस्क. ‘ती फक्त कॅमेऱ्यालाच चालते’ हा समज खोटा. रेकॉर्डिंगसाठीच्या तिच्या खास आज्ञा डीव्हीआरनं दिल्या तरच लागू होतात; कॉम्प्युटरला ती साध्या डिस्कसारखीच वागते.

‘सील पॅक आहे, म्हणजे नवीन’ यावरही आता विसंबता येत नाही. २०२५च्या सुरुवातीला युरोपात नव्या म्हणून विकलेल्या सीगेटच्या कित्येक डिस्क हजारो तास वापरलेल्या निघाल्या. चिया नावाच्या डिजिटल चलनाच्या खाणकामातून आलेल्या असाव्यात असा संशय होता. त्यांचा वापराच्या तासांचा आकडा कुणीतरी शून्यावर आणला होता. पण सीगेटच्या डिस्कमध्ये आणखी एक आतली नोंदवही असते, तीत खरे तास तसेच राहिले होते. त्या नोंदवहीचं नाव फार्म. शेतीच्या तालुक्यात राहून फार्म तपासायचा विसरू नये! स्मार्टसीटीएल या फुकट प्रोग्रॅमनं ती वाचता येते.

डिस्क आपल्या तब्येतीची जी नोंद स्वतःच ठेवते तिला स्मार्ट म्हणतात. या स्मार्टवर लोकांची भाबडी श्रद्धा असते. ‘स्मार्ट ओके दाखवतंय, डिस्क ठणठणीत आहे.’ गूगलनं २००७ साली आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. मेलेल्या डिस्कपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त डिस्कनी कसलीही पूर्वसूचना दिली नव्हती. उलट बाजूही महत्त्वाची आहे. वाचताना पहिली चूक नोंदली गेली की पुढच्या साठ दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता ३९ पटींनी वाढते. म्हणजे धोक्याची घंटा वाजली तर ती खरी, पण वाजली नाही म्हणून झोपू नये. उन्हाळ्याचा बाऊही त्याच अभ्यासानं कमी केला: तापमान आणि मरण यांचा संबंध समजतात तेवढा सरळ नाही, फार वरच्या तापमानात मात्र तो दिसतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत डबा ठेवू नका, पुढून एक पंखा असू द्या, पुरे.

आणि हो, ४ टीबीची डिस्क ३.६३ टीबी दाखवते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४नं. माप वेगळं, माल तेवढाच.

‘घरात इन्व्हर्टर आहे, यूपीएस कशाला?’

लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला एक क्षण जातो. एसएमपीएसच्या पोटातली वीज पूर्ण भारावर सेकंदाच्या साठाव्या भागाएवढी टिकते. इन्व्हर्टरवर बहुधा एक बटण असतं, एका बाजूला साधी उपकरणं, दुसऱ्या बाजूला यूपीएस. ते साध्या बाजूला असेल तर पंखा-दिव्याला कळतही नाही, सर्व्हर मात्र मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. शिवाय बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर सर्व्हरला सांगू शकत नाही. मागे यूएसबीचं तोंड असलेला छोटा यूपीएस घेतला तर तो सांगतो, आणि मशीन फाईली मिटवून शहाण्यासारखं आपणहून बंद होतं.

पण खरा घात लाईट जाताना कमी आणि येताना जास्त होतो. डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर घरात २३०च्या जागी चारशे व्होल्टच्या दिशेनं दाब चढू शकतो. त्यातून आपल्याकडे थ्री-पिनचं तिसरं भोक पुष्कळदा नुसतं शोभेचं असतं. सीपीयूला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि ‘तेवढं चालतंच’ म्हणून लोक चप्पल घालून बसतात. एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून किंचित वीज डब्यावर येत असते आणि अर्थिंग नसल्यानं तिला जायला वाट नसते, म्हणून त्या झिणझिण्या. मीठ-कोळशाचा खड्डा घर बांधताना केलेला असतो, त्यात नंतर कुणी पाणी ओतत नाही. शिरूर काय, दौंड काय, दोन्ही पर्जन्यछायेतले. मार्चपासून तो खड्डा कोरडा ठणठणीत. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या वर काटा गेला तर आधी ते काम, मग डिस्कची खरेदी.

वायरीचंही असंच. हजारो रुपयांचा डबा जुळवायचा आणि तो शंभर मेगाबिटच्या राउटरला जोडायचा. ५०० जीबी गिगाबिटवर सव्वा तासात जातात. शंभर मेगाबिटवर साडेबारा तास. गिगाबिटला वायरीतल्या आठही तारा लागतात. कॅमेरेवाल्यानं चारच जोडल्या असतील, किंवा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर टाकली असेल, तर दोष मशीनला लागतो.

‘दोन डिस्कचं मिरर केलंय, बॅकअप झाला’

यावर मात्र मी वाद घालतो. मिरर हा ‘रेड’चाच एक प्रकार; वरच्या रेड मालिकेच्या डिस्कशी या नावाचा संबंध नाही. ही कल्पना १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली, तेव्हा नावातला एक शब्द ‘स्वस्त’ असा होता: महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्तातल्या अनेक. एक मेली तरी काम थांबू नये एवढाच तिचा वायदा. तुम्ही चुकून फोल्डर उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. व्हायरसनं फाईली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे. दाब चढून एसएमपीएस फुटला तर दोन्ही डिस्क त्याच वायरीवर असतात. चोर तर डबाच उचलून नेतो. बजेट तोकडं असेल तर दुसरी डिस्क मिररमध्ये बसवण्यापेक्षा वेगळी ठेवून रात्री तिच्यावर प्रत काढणं मला जास्त पटतं. डिस्क गेली तर एक दिवस काम थांबेल, थांबू दे.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम रूढ केला तो पीटर क्रोग या अमेरिकी फोटोग्राफरनं, हे आपल्या स्टुडिओवाल्यांना सांगितलं की त्यांना जरा आपलेपणा वाटतो. घराबाहेर म्हणजे क्लाउडच हवं असं नाही. साडेपाच टीबी इथल्या लाईनवरून वर चढवायला किती दिवस लागतील त्याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा. शिरूरच्या माझ्या एका मित्रानं सोपी वाट काढली. त्याची बहीण दौंडला असते. वेगळं गाव, वेगळी डीपी, वेगळी नदी. शिरूरची घोड पुढे दौंडच्या भीमेलाच मिळते म्हणा, पण पूर एकाच वेळी दोन्ही घरांत शिरायचा नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तो न्हावरे-चौफुला रस्त्यानं जातो, भरलेली डिस्क देतो, जुनी घेऊन येतो. डिस्क साड्यांच्या कपाटात, स्टीलच्या डब्यात असते. डब्यावर बहिणीनं चिठ्ठी चिकटवली आहे: ‘दादाची लग्नं, उघडू नये’.