वाकटीचा दर आणि बीजिंगचा रुसवा
चीन : आतून-बाहेरून — लेखांक ६

मालवणच्या जेटीवर सकाळी लिलाव चालू असताना मध्ये उभं राहून शंका विचारणारा माणूस म्हणजे निव्वळ अडगळ. तरी मी वाकटीच्या क्रेटपाशी थांबलो होतो. लांब, चपटी, बिनखवल्यांची वाकटी बर्फावर चांदीच्या पट्ट्यासारखी लोळत होती. दर का उतरला, असं विचारल्यावर व्यापाऱ्याने मोबाइलवरून नजर न उचलता सांगितलं, "वरसून पडलो. चायनाक गिऱ्हाईक नाय. आमी काय करतलंव?"

'वरसून' म्हणजे कुठून, हाच आजचा विषय.

सुरमई-पापलेटाच्या पंगतीत आपल्याकडे वाकटीला मान नाही. सुकवायची आणि पावसाळ्यात बटाट्याबरोबर नाहीतर नुसत्या कांद्यावर परतायची. चीनमध्ये मात्र हिला 'दाइयु', म्हणजे पट्टामासा म्हणतात आणि ती साध्यासुध्या घरातही शिजते. म्हणूनच भारतातून गोठवलेली वाकटी तिकडे जाते. आपल्या मासळीचा पहिला गिऱ्हाईक अमेरिका आणि दुसरा चीन. 2023-24 मध्ये देशातून सुमारे 17.8 लाख टन मासळी बाहेर गेली, तिचे 7.38 अब्ज डॉलर आले. त्यातला चीनचा वाटा 1.38 अब्जांचा. मासळीचा दर काही एका कारणाने हलत नाही, हे मान्य. पण एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाने हात आखडला की ते जेटीवर कळतं.

मागच्या लेखांकात 2018 साली राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा कशी उठवली गेली ते पाहिलं. अशा पक्क्या मांडीच्या सरकारच्या राज्यात माणसं खर्चाला का कचरतात? त्याचं उत्तर घरांत आहे.

आपल्याकडचा चाकरमानी नालासोपाऱ्यात फ्लॅट बुक करतो, बांधकाम वर चढेल तसे हप्ते सुटतात आणि बिल्डर पळाला तर निदान आरडाओरडा करता येतो. चीनमध्ये इमारत पुरी व्हायच्या आधीच घराची पुरी किंमत भरायची पद्धत रुजली. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ताही लगेच सुरू. त्या पैशांतून बिल्डर पुढची जमीन घ्यायचा. जमीन विकायची स्थानिक सरकारं, आणि त्यांचा कारभार त्याच उत्पन्नावर चालायचा. हे चाक फिरतंय तोवर सगळेच खूश होते. 2020 च्या ऑगस्टमध्ये बीजिंगने बिल्डरांच्या कर्जावर तीन 'लाल रेषा' ओढल्या. रोग खराच होता, पण औषध एकदम पाजलं गेलं. 2021 च्या डिसेंबरमध्ये एव्हरग्रांद या बड्या बिल्डर कंपनीने कर्ज बुडवलं, आणि 2024 च्या जानेवारीत हाँगकाँगच्या न्यायालयाने ती कंपनी मोडीत काढायचा हुकूम दिला. अर्धवट इमारतींना तिकडे 'लानवेइ लौ', म्हणजे सडक्या शेपटीच्या इमारती म्हणतात. 2022 च्या जुलैत अशा इमारतींत पैसे अडकलेल्या लोकांनी कर्जाचे हप्तेच थांबवले. चिनी कुटुंबाची बरीचशी पुंजी घरात असते. घराची किंमत उतरली की माणूस बाजारात पिशवी घट्ट धरतो, मग पिशवीत वाकटी असो की आणखी काही.

पक्षाला कारखाना काढायचा हुकूम देता येतो, रेल्वे टाकायचा देता येतो. 'खर्च करा' हा हुकूम मात्र चालत नाही. चीनच्या एकूण उत्पन्नात घरगुती खर्चाचा वाटा जेमतेम 40 टक्के आहे, आपल्याकडे तो 60 च्या आसपास. मग कारखान्यांतून निघालेला माल जातो कुठे? बाहेर. मालवणच्या बाजारपेठेत चतुर्थीच्या आधी टांगलेल्या दिव्यांच्या माळा बघा. ('चायना' हे आपल्याकडे देशाचं नाव कमी आणि विशेषण जास्त. दुकानदारच सांगतो, चायना आसा, गॅरंटी नाय.) वाकटी तिकडे उठत नाही आणि माळ इकडे स्वस्त मिळते, ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत. स्वस्त मालाच्या या लोंढ्याने जगभरचे कारखानदार वैतागतात, सरकारं जकात वाढवतात.

हुकमाने विश्वासही मिळत नाही. आकड्यांचंच बघा. 2023 च्या जूनमध्ये शहरी तरुणांची बेकारी 21.3 टक्क्यांवर गेली. ऑगस्टमध्ये सरकारने आकडा छापणंच थांबवलं, आणि पुढच्या जानेवारीत विद्यार्थ्यांना वगळून नव्या हिशेबाने 14.9 टक्के जाहीर केला. नवा हिशेब शास्त्रशुद्ध असेलही. पण गाबतीण माशाचा कल्ला उघडून दाखवायला का-कू करू लागली की गिऱ्हाईक काय समजायचं ते समजतं.

आता रुसव्याकडे येऊ. बीजिंगचा राग बऱ्याचदा खाण्याच्या वस्तूंवर, त्यातही मासळीवर निघतो. 2010 मध्ये लिऊ शियाओबो या तुरुंगातल्या चिनी लेखकाला शांततेचं नोबेल मिळालं. निवड करणारी समिती नॉर्वेतली, पण तिथल्या सरकारच्या हुकमाखाली नव्हती; तरी नॉर्वेच्या सामन माशाला चीनच्या बंदरांत अडथळे सुरू झाले. संबंध सुरळीत व्हायला 2016 चा डिसेंबर उजाडला. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियाने कोरोनाच्या उगमाची चौकशी मागितली, तेव्हा बार्ली आणि वाइनपाठोपाठ जिवंत शेवंडही अडकली. तिची वाट चार वर्षांनी मोकळी झाली. 2021 मध्ये तैवानचं अननस, 2022 मध्ये तिथलाच ग्रूपर मासा, म्हणजे आपल्या हेकऱ्याचा भाऊबंद. कारण दर वेळी कागदोपत्री कीड, औषधाचे अंश, तपासणी. आपल्याही एका कंपनीचा माल 2020 च्या नोव्हेंबरमध्ये आठवडाभर थांबवला होता. गोठवलेल्या म्हाकलांच्या वेष्टनावर कोरोनाचा विषाणू सापडल्याचं कारण दिलं गेलं. तिथे रुसव्यापेक्षा साथीची धास्ती जास्त असावी.

जपानचा किस्सा ताजा आहे. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला लागले त्याच दिवशी, 24 ऑगस्ट 2023 ला, चीनने जपानी मासळी बंद केली. 2025 च्या जूनमध्ये ती अंशतः खुली झाली. नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान ताकाइची तैवानबद्दल बोलल्या आणि दार पुन्हा लागलं.

अशाने चीन एकटा पडतो का? वर्तमानपत्री मथळ्यांत पडतो तितका नाही. 2020 च्या जूनमध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले 20 जवान गेले, 59 चिनी अ‍ॅप बंद झाली, आणि तरीही वाकटी जातच राहिली. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सीमेवरच्या गस्तीचा समझोता झाला. पुढच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावरची जकात 50 टक्क्यांवर नेली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आपले पंतप्रधान चीनमध्ये, त्यानजिनला होते. पहिला गिऱ्हाईक रुसला की दुसऱ्याची मर्जी राखावी लागते. मित्र नाहीत म्हणून चीनचं अडत नाही. पण ज्याला एकदा फटका बसला तो पुढच्या खेपेला दुसरा गिऱ्हाईक हाताशी ठेवतो, आणि ही गळती चीनला सावकाश लागते.

जपानची बातमी आली त्या आठवड्यात मी पुन्हा जेटीवर गेलो. तोच व्यापारी, तोच मोबाइल. या वेळी त्याने वर बघितलं.

"जपानचो माल बंद झालो मां? बगया आता, आमचो उठता काय."

आणि वाकटीच्या क्रेटवर बर्फाचं आणखी एक फावडं टाकलं.